आत्याला किती ए?

माझा मामा काय काम करतो असं कुणी विचारलं, की मामी त्याला तोंड उघडू देत नाही. "नावं ठेवायची नोकरी आहे त्यांना," ती सांगते. "घरातलं ते खातं मी सांभाळते."

दोन्ही गोष्टी अगदी खऱ्या आहेत. मामा रक्त-लघवी तपासणाऱ्या एका मोठ्या लॅबमध्ये कॉम्प्युटरचं बघतो. तिथल्या प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो, नुसत्या आकड्यांचा, फोन नंबरसारखा लांबलचक. तो पाठ करणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून कोपऱ्यातल्या खोलीत एक लिनक्स सर्व्हर बसवलाय. कुणी नाव घेतलं की त्या नावाचा पत्ता सांगायचा, एवढंच त्याचं काम. याला डीएनएस म्हणतात. लॅबमधल्या डॉक्टरांना ते कायम डीएनए ऐकू येतं. मामाला ते एवढा मान देतात तो बहुतेक त्यामुळेच.

नावं मामानेच ठेवलीत. आधी मशीनना कंपनीची नावं होती, निम्मी अक्षरं आणि निम्मे आकडे, जीभ अडकून पडेल अशी. मग एकदा सगळ्यात जुनं मशीन सुरू होताना असं काही खोकलं, की मामा पटकन म्हणाला, "बसा मामंजी, बसा." तेव्हापासून ते मामंजी. ते नक्की काय करतात हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे त्यांना बंद करायची कुणाची छाती होत नाही. नवं महागडं मशीन जावईबापू. त्यांना स्वतंत्र खोली, स्वतंत्र एसी आणि तरी तब्येत नाजूक. मोठा प्रिंटर म्हणजे वन्सं. घाईच्या वेळी रुसतात आणि कागद तोंडात धरून बसतात. आणि जिच्यावाचून लॅबचं पान हलत नाही, जिच्यात सगळ्यांचे रिपोर्ट साठवलेले असतात, ती आत्या. गावभरच्या लोकांच्या पोटात काय चाललंय ते तिला ठाऊक, आणि विचारायचा अवकाश, की घडाघडा सांगते.

मामा फोनवर बोलायला घराबाहेर जिन्यात जातो, आणि जिन्यात आवाज घुमतो.

"मामंजींना हलवू नका. नुसतं कान लावून बघा, घरघर आहे का? आहे ना? मग आहेत अजून."

"वन्संचं तोंड उघडा. दोन्ही हातांनी. आत अडकलेलं ओढून काढा. ओरडू द्या, त्या ओरडतातच."

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा मामीचा हात हातात घेऊन हळू आवाजात विचारलं होतं, "तुमच्याकडे आजारपणं फार आहेत का हो?"

एवढ्यावर सगळं सुखात चाललं असतं. पण ही नावं कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांत लिहावी लागतात, आणि आत्या इंग्रजी अक्षरांत कशी लिहायची हे आजवर कुणीही ठरवलेलं नाही. जो तो जसा बोलतो तसा लिहितो.

रिसेप्शनवरची ताई प्रत्येक शब्द ताणते. "हॅलोऽऽ, लॅऽऽबमधून बोलतेय." तिच्या आत्याला सुरुवातीलाच तीन ए. सुईवाले, म्हणजे रक्त काढणारे, आयुष्यभर सुई टोचायच्या आधीच "झालंझालंझालं" म्हणत आलेत. त्यांना कुठलाच शब्द संपेपर्यंत धीर धरवत नाही, त्यामुळे त्यांची आत्या ए-टी-वाय इथेच आटपते. हेडक्लार्क सगळ्या जगावर संशय घेतात. नुसत्या टी-वर त्यांचा विश्वास नाही, म्हणून ते तिथे एक एच घालतात. त्यांची आत्या 'आथ्या' होते आणि शिंकल्यासारखी ऐकू येते. आणि डॉक्टर इतके सभ्य, की सिरींजलासुद्धा "आपण जरा इकडे या" म्हणतील. ते 'आत्याबाई' असं अख्खं टाइप करतात, कारण नुसतं 'आत्या' लिहायला त्यांचा हात धजत नाही.

आता दुसरा कुणी असता तर त्याने मोठ्या अक्षरात स्पेलिंग लिहून भिंतीवर डकवलं असतं. मामा तसला नाही. कुणी हाक मारली, "अहो, आत्या उघडत नाहीये," की तो जायचा, त्या माणसाच्या मागे उभा राहून तो काय टाइप करतो ते बघायचा आणि "बरं, बरं" म्हणून परत यायचा. मग सर्व्हरवरच्या फायलीत ते स्पेलिंगही लिहून टाकायचा. झाली आत्या त्या नावाने चालू. आपलं काही चुकलं होतं हे समोरच्याला कळायचंही नाही. मी एकदा म्हटलं, "मामा, एकदाच सांगून टाक ना सगळ्यांना, कसं लिहायचं ते."

"अगं, त्यांना रागावलो तर ते सुई टोचताना लक्षात ठेवतील," मामा म्हणाला. "माझीही तपासणी तिथेच होते."

याचा परिणाम असा, की लॅबमध्ये नवं माणूस आलं की नवं स्पेलिंग, आणि नवं स्पेलिंग आलं की मामाला फोन. मामीची बहीण समुद्राकाठी राहते. तिच्या स्वयंपाकघरात उभं राहिलं की लाटांचा आवाज येतो म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मामीने तो फक्त फोनवर ऐकलाय. दर वेळी बॅगा भरायच्या आणि दर वेळी कुणीतरी आत्याला नवं अक्षर चिकटवायचं. मागच्या खेपेला तर बसमध्ये चढता चढता मामा परत फिरला होता. या खेपेला मामीने आवाजसुद्धा चढवला नाही, आणि त्यामुळे आम्ही सगळेच घाबरलो.

"आठ दिवस," ती म्हणाली. "तुम्ही, मी आणि ही भाची. तुमचं जमलं नाही तर आम्ही दोघी जातो. आणि परत कधी यायचं ते समुद्राला विचारून कळवते."

मामा सुट्टी मागायला लॅबच्या नव्या मॅडमकडे गेला. मॅडम मामाच्या निम्म्या वयाच्या आणि दुप्पट वेगाच्या. त्यांना जगात अवघड असं काहीच सापडत नाही.

"सिंपल आहे काका! तुम्ही ते काळ्या स्क्रीनवर फायलीत लिहीत बसता ना, त्याऐवजी एक वेब-पेज टाका. ब्राउझरमध्ये उघडायचं, नाव लिहायचं, पत्ता लिहायचा, बटण. ज्याला जे हवं ते तो करील. तुम्हाला फोन कशाला? पेज चालू करा आणि खुशाल जा. सिंपल!"

म्हणजे पेज चाललं तर समुद्र, नाही चाललं तर मामी समुद्राला जाणार आणि मामा घरी एकटा वरणभात लावणार. हे डोळ्यांसमोर ठेवून मामा कामाला लागला.

मी सुट्टीत मामाकडेच असल्यामुळे ही प्रतिष्ठापना जवळून बघितली. आधी मामाने तो प्रोग्राम उतरवून घेतला. प्रोग्राम म्हणाला, मी बसतो, पण आधी डेटाबेस बसवा. डेटाबेस बसवला. मग म्हणाला, वेब-सर्व्हर कुठाय? तो आणला. वेब-सर्व्हर आला तर त्याला बरोबर चारपाच छोटे प्रोग्राम लागत होते, त्यातला एक जुन्या आवृत्तीचा चालेना आणि दुसरा नव्या आवृत्तीचा चालेना. मामा प्रत्येकाला "या, तुम्ही इकडे... तुम्ही जरा सरकून घेता का?" असं म्हणत कीबोर्ड बडवत होता. पंगत उठवतोय की बसवतोय, काही कळत नव्हतं.

एकदाचं पेज उघडलं. त्यावर लिहिलं होतं: परवानगी नाही.

"कुणाला नाही?" मी विचारलं.

"मला."

"पण सर्व्हर तुझाच आहे ना?"

"आहे की."

"तू तर म्हणतोस, या सर्व्हरवर तू काहीही करू शकतोस."

"मी करू शकतो गं. पण हे पेज माझ्या नावाने चालत नाही, त्याचा वेगळा माणूस आहे. आणि त्या माणसाला फायली वाचायची मुभा द्यायला मी विसरलो. पाहुण्याला घरात घेतलं, चहा दिला आणि बसायच्या खोलीला कुलूप!"

कुलूप काढलं. मग पेज उघडलं ते पांढरंशुभ्र. अक्षर नाही, बटण नाही. मामा त्याच्याकडे कितीतरी वेळ टक लावून बघत राहिला. डॉक्टर सहज आत डोकावले, पडदा बघून म्हणाले, "वा, स्वच्छ आहे," आणि गेले. आणखी एक छोटा प्रोग्राम बसवायचा राहिला होता. तो बसल्यावर मात्र नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट उगवली. मामाने खुर्चीतल्या खुर्चीत अंग सैल सोडलं.

"हिचं नाव काय ठेवायचं?" तो म्हणाला. "नवी आलीय, आणि आता सगळं घर हिच्या हातात जाणार."

"सूनबाई!" मी म्हटलं. मामाने ताबडतोब ते लिहूनही टाकलं.

मग जुन्या फायलीतली सगळी नावं सूनबाईंच्या ताब्यात दिली, आणि नेमक्या त्याच वेळी मॅडम बघायला आल्या. पडद्यावर सुरेख तक्ता आला होता. पहिल्या ओळीत आत्या. दुसऱ्या ओळीत आत्या. तिसरीत आथ्या. मॅडम पान खाली सरकवत गेल्या. आत्या, आऽत्या, आत्याबाई, आत्त्या, आत्. पुढचं पान. पुन्हा आत्या.

"काका! हे काय? सगळी डुप्लिकेट? एका मशीनला एक नाव. सिंपल! काढून टाका."

मामाचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी त्याच्या कपाटातले धुवायचे कपडे बाहेर ओढलेत. खरं कारण सांगायचं म्हणजे कुणाचं स्पेलिंग कसं, हे सांगायला हवं. ते सांगणं म्हणजे चहाडी. मामाने घसा साफ केला, तक्त्याच्या डोक्यावरच्या छोट्या चौकोनात टिचकी मारली, आणि सगळ्या आत्या एकदम निवडल्या गेल्या. त्यातली एक, शुद्ध, दोन ए-वाली, त्याने वगळली. मग 'काढून टाका' दाबलं.

सूनबाईंनी विचारलं: नक्की?

जुन्या फायलीने असं कधी विचारलं नव्हतं. विचारतेय म्हणजे पोर जबाबदार आहे, असं मामाला वाटलं. त्याने 'हो' म्हटलं.

गंमत म्हणजे त्या दिवशी काहीच बिघडलं नाही. कॉम्प्युटर एकदा विचारलेला पत्ता काही तास पाठ ठेवतात. त्या पाठांतरावर लॅब संध्याकाळपर्यंत चालली. मॅडमनी सगळ्यांना सूनबाईंचे पासवर्ड वाटले. मामा शीळ घालत घरी आला. मामीने ती शीळ ऐकली आणि पहिल्यांदाच बॅगेत टॉवेल भरले.

दुसऱ्या दिवशी दुपारची बस होती. सकाळी मामा म्हणाला, "नुसतं तोंड दाखवून येतो."

"हिला बरोबर न्या," मामी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मामाला घेऊन ये. ते येत नसतील तर त्यांचा मोबाईल घेऊन ये."

लॅबच्या दारातच आवाज आला. उपाशीपोटी आलेले पेशंट बाकांवर दाटीने बसलेले. आत्या कुणालाच उघडत नव्हती. तशात सगळ्यांनी मॅडमचं ऐकून आपापली आत्या स्वतःच घालून टाकली होती. रिसेप्शनवरच्या ताईने तीन ए-वाली घातली, पण पत्त्यात शेवटचा आकडा चुकला, आणि तिची आत्या थेट वन्संकडे जाऊन पोचली.

"माझं कोलेस्टेरॉल किती आहे?" काउंटरवरचे एक आजोबा विचारत होते.

"टोनर कमी आऽऽहे," ताई पडद्यावरचं वाचून म्हणाली.

"म्हणजे बरं ना?"

हेडक्लार्कनी आपल्या आथ्येला स्वतःच्याच मशीनचा पत्ता दिला होता. "फिरून फिरून माझ्याच टेबलावर येतंय!" ते ओरडले. "कुणीतरी मुद्दाम केलंय!" सुईवाले म्हणत होते, "उघडलंउघडलंउघडलं," आणि काहीही उघडत नव्हतं. डॉक्टर पडद्यासमोर हात जोडल्यासारखे बसून पुटपुटत होते, "आत्याबाई, आपण आहात ना?"

"मी जुनी नावं परत घालतो," मामा म्हणाला. "मामंजींकडे मी त्यांची प्रत ठेवलीय."

"घाला," मॅडम म्हणाल्या. आज त्या 'सिंपल' म्हणाल्या नाहीत. "पण काका, आज नव्या मुली जॉइन झाल्यात. त्या आणखी कसं लिहितील देव जाणे. तुम्ही आज थांबाच. आजच कशाला, आठवडाभर थांबा."

नव्या मुली ओळीने उभ्या होत्या. त्यातली एक हळूच दुसरीला म्हणाली, "आत्याला एक्स कुठे येतो गं?"

मामा खाली बसला. मी त्याचा मोबाईल मागितला. त्याने मुकाट्याने दिला. आणि तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि दोन्ही हातांत बॅगा घेऊन मामी आत आली.

ती पेशंटांच्या बाकावर बसली. बॅगा पायाशी ठेवल्या. "काय झालंय?"

"अगं, काही नाही गं," मामा म्हणाला. "म्हणजे, लोक आत्याला वेगवेगळ्या नावांनी हाका मारतात. त्यामुळे ती..."

"मग?"

"मग ती ओ देत नाही."

"आणि तुम्ही मला काय म्हणता?" मामी उठून उभी राहिली. "'अगं' म्हणता. 'ए' म्हणता. 'ऐकलंस का' म्हणता. परवा नुसतं ताट सरकवून खाकरलात. लग्न झाल्यापासून एकदा तरी नावाने हाक मारलीत? आणि मी एकदा तरी आले नाही, असं झालंय? त्या घरात कुणी काहीही बोललं, की ते मलाच असतं, एवढं मला कळतं! शेजारच्यांच्या मांजराला हाक मारलीत तरी मीच येते! आणि तुमच्या आत्येला एवढं कळू नये?"

कोपरात कापूस धरून बसलेले एक काका म्हणाले, "वहिनींचं बरोबर आहे."

मामा मामीकडे बघत होता. त्याचे डोळे हळूहळू मोठे होत गेले. मग तो ताडकन उठला.

"तारा!"

मामी दचकली. "तारा कोण?"

"अगं, तारा!"

"अहो, ही तारा कोण?" मामीने बॅग उचलली, आणि ती ठेवायला उचलल्यासारखी वाटत नव्हती.

"तारा म्हणजे ते चिन्ह गं! स्टार! कीबोर्डवर आठाच्या डोक्यावर असतो तो!" मामा धावत कॉम्प्युटरकडे गेला. "नावाच्या जागी तो एक तारा टाकायचा. म्हणजे जे नाव ओळखीचं नाही, मग ते काहीही असो, सरळ आत्याकडे! वन्सं, जावईबापू, मामंजी, सूनबाई यांची नावं आहेतच, ती आपापल्या जागी जातील. बाकी जगात कुणी काहीही बोललं, की ते आत्यालाच!"

"हेच मी म्हणत होते," मामी म्हणाली.

मामाने सूनबाई उघडल्या. सकाळपासून घातलेल्या चुकीच्या आत्या काढल्या, एका ओळीत तारा लिहिला, त्यापुढे आत्याचा पत्ता. मग आत्याच्या मशीनवर जाऊन तिला बजावलं, की कुठल्याही नावाने हाक आली तरी ओ द्यायची, 'कोण, मी?' असं विचारायचं नाही. आणि तो बाजूला झाला.

"टाइप करा," तो मॅडमना म्हणाला. "काहीही."

मॅडमनी 'सिंपल' टाइप केलं. आत्या उघडली.

मग एकच झुंबड उडाली. नव्या मुलींनी एक्स घातला, झेड घातला. हेडक्लार्कनी मुद्दाम नुसतं शिंकल्यासारखं काहीतरी लिहिलं आणि आत्या उघडलेली पाहूनही "यात काहीतरी गोम आहे" म्हणाले. ताईने ए दाबून धरला आणि शेवटी बाजूच्या मुलीने तिचं बोट उचललं. काउंटरवरच्या आजोबांना त्यांचं कोलेस्टेरॉल कळलं, आणि त्यांनी "त्यापेक्षा टोनर बरा होता" असं सांगितलं.

बस आम्ही धावत पकडली. मामा खिडकीशी, मधे मामी, कडेला मी. मोबाईल मी मामाला परत दिला होता. ती माझी चूक. गाव मागे पडतंय तोच तो वाजला.

"डॉक्टर बोलतोय," आवाज आला. फोनचा आवाज इतका मोठा, की मागच्या रांगेलाही ऐकू जात होतं. "आपण बसमध्ये आहात का? क्षमा असावी. जरा नाजूक बाब आहे. आत्ता एक रिपोर्ट उघडायला वेळ लागत होता. आणि मी, म्हणजे रागाच्या भरात, एक शब्द टाइप केला."

"बरं, बरं."

"आणि आत्याबाई उघडल्या."

"कोणता शब्द, डॉक्टर?"

डॉक्टरांनी शब्द सांगितला. मागच्या रांगेतलं शेंगदाणे खाणं थांबलं. ड्रायव्हरने आरशातून आमच्याकडे बघितलं. मामाचे कान लाल झाले.

"हा शब्द तुम्हाला... आपल्याला..."

"सुईवाल्यांकडून कळला. पेशंटने हात हलवला की ते म्हणतात." डॉक्टरांचा आवाज रडवेला झाला. "तेवढा एक शब्द वगळता येईल का हो? बाकी सगळ्या हाकांना त्यांनी ओ द्यावी. फक्त या हाकेला देऊ नये. मला फार अपराधी वाटतंय."

"येईल की," मामा विचारात पडला. "सूनबाईंमध्ये तो शब्द लिहावा लागेल, आणि त्याला वेगळा पत्ता... पण बसमधून नाही जमणार. पुढच्या थांब्यावर उतरलो तर..." आणि तो खरोखरच अर्धा उठला.

मामीने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"डॉक्टर, राहू द्या," ती म्हणाली. "घरचीच आहे ती. ऐकून घेते." फोन तिने पर्समध्ये टाकला, पर्सची चेन ओढली आणि पर्स मांडीखाली घेऊन बसली.

"अगं..." मामा म्हणाला.

"बोला."

मामाने बराच विचार केला. "काही नाही."

"मग उठलाच आहात, तर मला खिडकीशी बसू द्या. समुद्र त्या बाजूला येतो."

"तो अजून खूप लांब आहे गं."

"असू दे," मामी म्हणाली. "सरका."